नाव कोलोरॅडोचं, पाणी कुणाचं?

कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपावरून अमेरिकेतल्या सात राज्यांची बोलणी पुन्हा फिसकटल्याची बातमी सगळ्यांनीच वाचली होती, त्यामुळे का फिसकटलं हे कुणी कुणाला सांगत बसलं नाही. वसंतरावांनी थेट निकालच दिला.

"नदी ज्याच्या नावाची, पाणी त्याचं. कोलोरॅडो नदी, कोलोरॅडो राज्य. विषय संपला. आमच्या डेन्व्हरला शेंबडं पोरही हेच सांगेल."

डेन्व्हर ही कोलोरॅडोची राजधानी, आणि 'आमचं' म्हणजे मुलाचं. वसंतराव तिथे एक उन्हाळा काढून आले आणि तेव्हापासून रिक्षावाल्यालाही अंतर मैलात सांगतात.

शैलाताईंची उभी हयात पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवत त्या म्हणाल्या, "वसंतराव, तुमचं ते राज्य झालं १८७६ ला. १९२१ पर्यंत त्या राज्यात कोलोरॅडो नदी नव्हतीच."

"मग काय आभाळातून पडली?"

"पाणी होतं हो, नाव वेगळं होतं. तिथल्या डोंगरातून निघते तिला ग्रँड म्हणायचे. ती खाली यूटामध्ये ग्रीन नदीला मिळायची आणि कोलोरॅडो हे नाव तिथून पुढे. एडवर्ड टेलर म्हणून तिथले खासदार होते, त्यांनी काँग्रेसकडून, म्हणजे तिथल्या संसदेकडून, ग्रँडचं नाव बदलून घेतलं. वायोमिंग आणि यूटावाले ओरडले, की लांबी ग्रीनची जास्त, मान तिचा. पाणी ग्रँडचं जास्त होतं, हे मात्र खरं. ग्रँड जंक्शन गाव आजही जुनंच नाव लावून बसलंय. आणि पुढच्याच वर्षी, १९२२ ला, सात राज्यांची वाटणी. आधी बारसं, मग हिस्से. योगायोग म्हणा."

"सातबाऱ्यावर नाव चढवून घेतलं की!" दिगूने मांडीवर थाप मारली.

"चढलं ना? मग हक्क आला," वसंतराव.

"कुठे आला? वरच्या चार राज्यांना मिळून वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या तिघांना तेवढंच. आपल्या हिशेबात सुमारे ३२७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, एकेका गटाला. खालच्या हिश्श्यातले ४४ लाख एकट्या कॅलिफोर्नियाला. जवळजवळ दोन कोयना भरतील. तुमच्या कोलोरॅडोला त्याहून कमी. आणि कॅलिफोर्नियातून त्या नदीत किती पाणी येतं? नाही म्हटलं तरी चालेल. बरं, वाटणी केली ती भरल्या वर्षांचे आकडे धरून. वर १९४४ ला मेक्सिकोला १५ लाख कबूल केले. कागदावर पूर, नदीत ठणठणाट. आता भांडतायत."

वसंतराव काही बोलणार, तेवढ्यात शैलाताईंनी पुढचं काढलं. "आणि डेन्व्हर त्या नदीवर नाहीच. ते साउथ प्लॅटवर. निम्म्याच्या आसपास पाणी डोंगर पोखरून पलीकडच्या खोऱ्यातून आणतात."

"मी स्वतः प्यायलोय तिथलं पाणी!"

"प्यायलात, पण कुठलं ते विचारायचं राहिलं."

डोंगर पोखरला म्हटल्यावर दिगूला आमच्या सोसायटीची पाइपलाइन आठवली. वसंतराव सेक्रेटरी होते तेव्हा ए विंगची टाकी आधी भरायची आणि बी विंगच्या नळाला नुसता फुस्स आवाज यायचा. दिगू बी विंगमध्ये. भर दुपारी बादल्या घेऊन तो कुणाच्या दारात उभा राहायचा, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"तो व्हॉल्व्हचा प्रश्न तांत्रिक होता," वसंतराव म्हणाले.

"तुमचा फ्लॅट ए विंगमध्ये, हेही तांत्रिकच?"

विषय बदलण्यात वसंतरावांचा हात कुणी धरणार नाही. "ते जाऊ दे. ओहायो घ्या. ओहायो तरी ओहायोचीच ना?"

त्यांनी आपणहून विचारायला नको होतं. ती पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गला दोन नद्या मिळून सुरू होते इथपासून शैलाताई निघाल्या. "आणि ओहायो राज्याला लागून वाहते तिथे नदीचा बहुतेक पट्टा केंटकीचा, वरच्या अंगाला वेस्ट व्हर्जिनियाचा. केंटकी १७९२ ला राज्य झालं, तेव्हा पाणी ओसरलं की उत्तरेला जिथवर असायचं ती सीमा. १९८० ला सुप्रीम कोर्टाने तीच कायम केली. ओहायोच्या पदरात काय, तर काठालगतची चिंधी."

"आर्कान्सास?" मी मुद्दामच काडी टाकली.

"तो तर कहरच. उगम कोलोरॅडोत, लेडव्हिलजवळ. पाण्यावरून कोर्टात कोण गेलं? कॅन्सस विरुद्ध कोलोरॅडो. निकाल १९०७ चा. कॅन्ससचा अर्ज तेव्हा फेटाळला, पण वाटप न्याय्य हवं ही गोष्ट तिथून पुढे आली. आपल्याकडे कावेरीच्या भांडणातही त्या खटल्याचा दाखला निघाला. ज्याच्या नावाची नदी ते आर्कान्सास राज्य मात्र त्या खटल्यात नव्हतंच!"

वसंतरावांना आता कुणीतरी लहान मासा हवा होता. "दिगू, तू वर्ध्याचा. वर्धा नदी तुमचीच ना?"

"शंभर टक्के."

"उगम मुलताईला. मध्य प्रदेशात."

"आता आमच्यावर कायले घसरता?" दिगू चिडला की ठाण्यातली तीस वर्षं पुसली जातात.

मला वाटलं शैलाताई त्याची बाजू घेतील. कसलं काय! "वर्धा शहरात वर्धा नदी दाखव बरं."

"पुलगावले या, दाखवतो."

"पुलगावचं नको सांगू. पवनारला आहे ती धाम."

"पण जिल्ह्याची शीव तर तिचीच आहे न बाप्पा!"

"शीव म्हणजे पलीकडचा काठ अमरावतीचा. तुझी सासुरवाडी कुठली रे?"

दिगू गप्प. त्याची बायको अमरावतीची, हे कट्ट्यावर नव्यानं सांगायची गरज नव्हती.

"मग पाणी कुणाचं ते घरी विचारून ये," वसंतराव खुशीत आले.

"विचाराचं काय त्यात? लग्न झालं तवापासून सगळे निवाडे तिकडूनच सुटतात."

यावर जो हशा उसळला त्यात शैलाताईंना ठसका लागला. मिसिसिपीपेक्षा मिसुरी कशी लांब आहे, हे वसंतराव दोनदा सांगू पाहत होते. कुणी लक्ष दिलं नाही.