आईने स्वच्छतेकडे लक्ष द्यावे, म्हणे!

काल धाकटीच्या डायरीत लाल पेनाने उतरलेलं वाक्य: ‘पाल्याच्या केसांत उवा आढळल्या आहेत. आईने स्वच्छतेकडे लक्ष द्यावे.’ ‘आईने’च्या खाली दोन रेघा. शिवाय मधल्या सुट्टीनंतर पोरीला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, ते वेगळंच. पहिलीतलं पोर! ‘पालकांनी’ म्हटलं असतं तर मी निम्मा राग गिळला असता. दाखल्यावर नाव बापाचं, आडनाव बापाचं, फीच्या पावतीवरही बापच; आणि उवा निघाल्या की आई.

आणि स्वच्छता कसली? ऊ काय डोकं धुतलंय की नाही ते हुंगून येते? तिला प्यायला रक्त लागतं आणि धरायला केस लागतो. तो आजच न्हालेला असला तरी तिचं काही अडत नाही. तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती चालते. या डोक्यावरून त्या डोक्यावर जायला तिला डोक्याला डोकं लागलेलं हवं. आता तीन पोरी एका चित्रकलेच्या वहीवर वाकून एकाच पिवळ्या खडूसाठी कुजबुजत भांडतात, हे घडतं कुठे? माझ्या स्वयंपाकघरात नाही, बाई. दोघींच्या बाकावर तिघी बसवायच्या तुम्ही आणि लक्ष द्यायचं मी.

बरं, शेवटच्या बाकावर बसवून वाचवलं कोणाला? उवा पहिल्यांदाच झाल्या असतील तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे जातात. ती खाज नुसत्या चावण्याची नसते, उवेच्या लाळेची ॲलर्जी असते, आणि अंगाला ती ओळखायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे बाईंना पोर डोकं खाजवताना दिसली, तेव्हा ती महिनाभर त्याच बाकावर, त्याच दोघींच्या मध्ये बसून झालेली असू शकते. वाटायच्या तेवढ्या वाटून झालेल्या आहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालातही लिहिलंय, की उवांपायी मुलाला शाळेबाहेर ठेवू नका. आमच्याकडे शाळेबाहेर नाही ठेवत. वर्गातच ठेवतात, पण चाळीस पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात कारण सांगून.

मागच्या महिन्यातलं स्नेहसंमेलन मात्र कोणाला आठवत नाही. भाड्याच्या पेटाऱ्यातली गंगावनं आज या वर्गाला, उद्या त्या वर्गाला. त्यातही गंगावनाचा दोष कमीच, कारण डोक्यावरून उतरलेली ऊ उपाशी राहून दिवस-दोन दिवसांत मरते. खरा घोळ एका आरशासमोर. दहा पोरी गालाला गाल लावून लिपस्टिकसाठी उभ्या, त्यात फोटो काढणारे ‘अजून जवळ या, अजून जवळ!’ आल्या जवळ.

आता ‘लक्ष द्यावे’ या दोन शब्दांत काय काय येतं ते सांगते, कारण लाल पेनवाल्यांना ते माहीत असेल असं वाटत नाही.

पहिली गोष्ट फणी. बाटलीसोबत फुकट येते ती प्लास्टिकची नव्हे. तिचे दात बोटाने दाबले की वाकतात, आणि त्या फटीतून ऊ काय, मुंगळासुद्धा बाहेर पडेल. स्टीलची, लांब आणि दाट दातांची हवी. आजीची लाकडी दुतोंडी फणी शाबूत असेल तर कोरड्या केसांना चालेल. पण खरं काम ओल्या केसांत होतं. केस धुवायचे, मूठभर कंडिशनर थापायचा आणि तो तसाच ठेवायचा. त्याने ऊ मरत नाही, पण तिला पळणं जमत नाही आणि फणी अडकत नाही. आधी मोठ्या दातांच्या कंगव्याने गुंता सोडवायचा, नाहीतर पहिल्याच ओढीला किंकाळी आणि शेजारचे दारात. मग डोक्याचे चार भाग, तीन क्लिपांनी अडकवून ठेवायचे, उरलेल्या भागातून एका वेळी बोटाएवढी बट. फणी टाळूला टेकवून मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच ओढीत न्यायची आणि दर ओढीनंतर पांढऱ्या कपड्यावर पुसायची. तिळाएवढं तपकिरी काही वळवळलं की समजा सापडली. कानामागे आणि मानेवर दुप्पट वेळ, त्यांचं बिऱ्हाड तिथेच असतं. दिवसाउजेडी करा. ट्यूबलाइटखाली ‘काही नाही दिसत गं’ म्हणणारे महाभाग घरोघरी असतात.

लिखा ओळखायची खूण साधी. कोंडा फुंकला की उडतो, बोटाने सरकतो. लीख केसाच्या एकाच बाजूला तिरकी चिकटलेली असते आणि नखाने ओढल्याशिवाय जागची हलत नाही. टाळूपासून पाव इंचाच्या आत असेल तर बहुधा जिवंत. त्याहून बरीच खाली, केसाच्या मधोमध पांढरीफटक दिसते ती बहुतेक वेळा रिकामी टरफलं. केस वाढत गेला तशी ती खाली आली. आणि शाळेच्या बाईंना नेमकी तीच दिसतात! ऊ काढून आठवडा झाला, तरी टरफल दाखवून दुसरी ओळ डायरीत.

ही ओली विंचरणी एकदा करून भागत नाही. पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस, आणि सतराव्या दिवशी तपासणी. लांब केसांच्या एका डोक्याला ४५ मिनिटं धरा. दोन पोरी, चार वेळा. सहा तास होतात. सहा तास चटईवर गुडघे मोडून बसायचं, धाकटीला मोबाइलवर कार्टून लावून द्यायचं, आणि मग ‘मुलांना मोबाइल देऊ नये’ यावर त्याच शाळेचं परिपत्रक वाचायचं.

औषध लावायचं तर त्याचे नियम बरोबर उलटे. एक टक्का परमेथ्रिनचं लोशन मेडिकलमध्ये मिळतं. ते लावण्याआधी कंडिशनर अजिबात नको. केसावर त्याचा थर बसला की औषध आत पोचत नाही. साध्या शाम्पूने धुवायचं, टॉवेलने टिपायचं, मग कानामागे, मानेवर, टाळूवर नीट भिजेल इतकं लावायचं. बरोबर १० मिनिटं. ‘राहू दे रात्रभर, चांगलं मरतील’ हा शहाणपणा नको. धुताना पोरीला बेसिनवर वाकवा, अंगावरून ओघळू देऊ नका. पुढचा दिवसभर तरी पुन्हा न्हाणं नाही. आणि कमरेपर्यंतच्या केसांना एक छोटी बाटली पुरत नाही, हे कळतं तेव्हा अर्धं डोकं ओलं झालेलं असतं आणि मेडिकल बंद.

सगळ्यात जास्त माणसं चुकतात ती इथेच. एकदा लावलं, संपलं. संपत नाही! औषध उवा मारतं, लिखा सगळ्या मारत नाही. लीख आठ-नऊ दिवसांत फुटते, आणि आतून निघालेलं पिल्लू अंडी घालण्याइतकं मोठं व्हायला आणखी तितकेच दिवस घेतं. म्हणून दुसरा हात नवव्या दिवशी. त्याआधी लावलं तर काही लिखा फुटायच्या राहिलेल्या असतात, फार उशीर केला तर नव्या उवांनी पुन्हा घालून ठेवलेल्या असतात. एक मादी दिवसाला सहा-आठ लिखा घालते. आणि दोनदा नीट लावूनही चालत्या उवा दिसल्या, तर तेच तिसऱ्यांदा थापत बसू नका, डॉक्टरांना दुसरं विचारा. काही ठिकाणच्या उवा याला दाद देत नाहीत.

एवढं सगळं करताना घरात सल्लागार मंडळ बसलेलं असतंच. ‘रॉकेल लाव, आम्ही लावायचो.’ लावायचात, आणि पोरीच्या टाळूची कातडी सोलली की म्हणायचात उष्णता झाली. शेजारी गॅस पेटलेला असेल तर पुढचं मी बोलत नाही. ‘सीताफळाच्या बिया वाटून लाव.’ ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, पोर रात्रभर डोळा उघडत नाही आणि सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे रांग. ‘खोबरेल तेलात कापूर.’ लहान मुलांच्या अंगात कापूर गेला तर आकडी येऊ शकते. पूजेच्या डब्यात ठेवा तो. कडुनिंबाचा पाला उकळून न्हाऊ घाला, त्याला माझी ना नाही. घरात छान कडू वास सुटतो, उवा तेवढ्या जागच्या जागी राहतात. आणि एक महाभाग तर गाद्यांवर झुरळाचा फवारा मारायला निघाले होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. अहो, उवा गादीत राहत नाहीत, डोक्यात राहतात! उशीचे अभ्रे, टॉवेल, रिबिनी गरम पाण्यात धुवा, फण्या-कंगवे कढत पाण्यात १० मिनिटं बुडवा, बस्स.

रिबिनींवरून आठवलं. दोन वेण्या, दुमडून वर बांधलेल्या, लाल सॅटिनची रिबीन, शाळेचीच, शाळेच्याच दुकानातून. कापलेलं टोक दोन दिवसांत पिंजतं. ते मेणबत्तीच्या ज्योतीजवळ क्षणभर धरून वितळवायचं असतं, हे दुकानदार सांगत नाही. सुती असेल तर धरूसुद्धा नका, पेटते. आणि रिबीन हरवते ती नेहमी एकच, मिळते मात्र जोडीनेच. माझ्याकडे सध्या सात एकट्या रिबिनी आहेत, पैकी तीन वेगवेगळ्या लाल. वेण्या बांधून ठेवल्याने उवांचा शिरकाव थोडा कमी होतो, हे मान्य करायला मला अजिबात आवडत नाही, पण होतो. बुधवारच्या पांढऱ्या बुटांबद्दल आणि रात्री नऊला आठवणाऱ्या थर्माकोलबद्दल मी आज बोलणार नाही. आधीच बी.पी. वर आहे.

आणि ‘ताई, सरळ केसच कापून टाका ना’ म्हणणारे! उवेला अर्धा इंच केससुद्धा पुरतो. मुलींना उवा जास्त होतात त्या केस लांब म्हणून नव्हे, तर मुली डोक्याला डोकं लावून गुपितं सांगतात म्हणून. कापायचंच असेल तर गुपितांचं काहीतरी करा.

इस्रायलमधल्या लाखीश इथे २०१६ साली एक हस्तिदंती फणी सापडली. साडेतीन हजार वर्षांहून जुनी. पुढे तिच्यावर बारीक कोरलेली अक्षरंही दिसली: या हस्तिदंताने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा उपटल्या जावोत, अशा अर्थाची. फणीच्या दातांत उवांचे अवशेषही मिळाले. दाढीतल्या! म्हणजे तेव्हाच्या पुरुषांनी हा प्रश्न निदान आपला मानला होता. आमच्याकडे डायरी आली की ‘हे बघ काय लिहिलंय तुला’ म्हणून माझ्या हातात.

वर्गातल्या आयांचा व्हॉट्सॲप ग्रुप तर पाहण्यासारखा. ‘कोणाकडे उवा आहेत का?’ विचारलं की ४० जणी गप्प. मग एकीचं, ‘आमच्याकडे नाही हो कधीच.’ तिच्या लेकीच्या मानेवर परवा मी डोळ्यांनी पाहिल्यात. एकीने खरं सांगितलं तर बाकीच्या त्याच शनिवारी आपापल्या पोरींची डोकी बघतील, सगळ्यांची विंचरणी एकाच आठवड्यात होईल आणि चक्र थांबेल. एकेकटीने गुपचूप काढल्या तर ज्या बाकावर सोडल्या तिथूनच पंधरा दिवसांत परत. एवढी साधी गोष्ट, पण लाज वाटते ना!

हे सगळं मी तावातावाने लिहितेय खरी, पण गेल्या शुक्रवारी नाचाच्या क्लासला ‘सर्दी झालीय हो तिला’ असं कळवणारी बाई मीच. ग्रुपवरच्या त्या ४० गप्प जणींत एकेचाळिसावीही मीच. आणि वरचे चार परिच्छेद लिहिताना मी नऊ वेळा डोकं खाजवलंय. आधी वाटलं, विषयच तसा आहे, वाचणाराही खाजवेल. मग पांढरा टॉवेल घेऊन स्वतःच्या डोक्यावर फणी फिरवली. दोन. एक चांगली गुटगुटीत.

आता आईच्या डोक्याकडे लक्ष कोणी द्यावे, हे डायरीत कुठे लिहिलेलं नाही. स्वतःच्या मानेवरची बट स्वतःला विंचरता येत नाही, कितीही आरसे लावा. तेव्हा पालकांच्या सहीसाठी डायरी, पेन, फणी आणि कंडिशनरची बाटली असं सगळं एकत्र पोरींच्या बापासमोर ठेवलंय. सही झाली. ‘आईने’ खोडून ‘आम्ही’ करायला सांगितलं, तेही केलं. मी चटईवर बसलेय, चार भाग पाडून झालेत, आणि पहिल्याच ओढीला मागून प्रश्न आलाय, ‘अगं, ही लीख आहे की कोंडा?’

फुंकून बघा म्हटलं.