डॉक्टर स्ट्रेंज म्हणे वेदांतून चोरला!

पुण्यातल्या कॉमिकवेड्यांच्या ग्रुपवरून निघून आता सोसायट्यांच्या आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर पोचलेला एक लांबलचक मेसेज तुम्हालाही आला असेल. त्याचा मथितार्थ असा: मार्व्हल या अमेरिकन कॉमिक कंपनीचा जादूगार डॉक्टर स्ट्रेंज शंभर टक्के आपल्याकडून उचललेला आहे. मार्व्हलचा लेखक-संपादक स्टॅन लीने उपनिषदं वाचून तो लिहिला. त्याचे मंत्र संस्कृतचा अपभ्रंश, देहातून बाहेर पडणं म्हणजे परकायाप्रवेश, हातातली नारिंगी चक्रं म्हणजे श्रीयंत्र, मल्टिव्हर्स म्हणजे अनंतकोटी ब्रह्मांडं. २०१६ च्या सिनेमात गुरूच्या जागी गोरी बाई बसवून पुरावा नष्ट केला. सबब मार्व्हलने भारताला रॉयल्टी द्यावी. पुणेरी आवृत्तीला वर एक शेपूटही आहे: तो गुरू ‘एन्शंट वन’ म्हणजे आपले योगाचार्य अय्यंगार गुरुजी!

शेपटाचा निकाल आधी लावू, कारण त्याला कॅलेंडर पुरतं. डॉक्टर स्ट्रेंज पहिल्यांदा छापला गेला ‘स्ट्रेंज टेल्स’च्या ११० व्या अंकात, जुलै १९६३ मध्ये. अय्यंगारांचं जगभर गाजलेलं ‘लाइट ऑन योगा’ आलं १९६६ साली, आणि शिवाजीनगरची त्यांची संस्था १९७५ ची. त्यांचं नाव मोठंच आहे, त्याला या असल्या ठिगळाची गरज नाही.

आता ‘स्टॅन लीने उपनिषदं वाचली’. मुळात हे पात्र लीच्या डोक्यातून आलेलंच नाही. १९६३ च्या जानेवारीत एका चाहत्याला लिहिलेल्या पत्रात लीने स्वतःच कबूल केलंय की ही पाच पानांची भरतीची गोष्ट आहे, कल्पना स्टीव्हची, आणि पहिली गोष्ट काही फार ग्रेट जमलेली नाही. स्टीव्ह म्हणजे स्टीव्ह डिटको, स्पायडरमॅन चितारणारा. गोष्ट रचायची आणि काढायची डिटकोने, संवाद भरायचे लीने, अशी ती वाटणी होती. पुढे तर कथानकाचं श्रेयही अंकावर डिटकोच्या नावाने छापलं जाऊ लागलं.

आणि हा डिटको कुणी हिमालयात बसलेला साधक होता का? तो होता लेखिका अयन रँडचा कट्टर अनुयायी. फर्ग्युसन रस्त्यावरच्या फुटपाथवर जिची पुस्तकं वर्षानुवर्षं खपतायत, तीच. तर्क, विवेक, ‘जे आहे ते आहे’ हा त्याचा बाणा. १९६७ साली त्याने ‘मिस्टर ए’ नावाचा नायक काढला, तो तर या तत्त्वज्ञानाचा चालता-बोलता प्रचारक. तिकडच्या हिप्पी पोरांनाही हेच कोडं पडलं होतं. डॉक्टर स्ट्रेंजची ती हवेत लटकणारी रस्त्यांची भेंडोळी पाहून त्यांची खात्री झाली की हा माणूस एलएसडी घेऊन चित्रं काढतो. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी डॉक्टर स्ट्रेंजच्या नावाने गाण्या-नाचाचा जलसा केला, १९६८ मध्ये पिंक फ्लॉइडच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर तो झळकला. तोवर डिटको मार्व्हल सोडून निघूनही गेला होता. हिप्पींना त्याच्यात आपला नशा दिसला, आपल्या मेसेजकर्त्याला वेद दिसले. दोघांनीही अंकावरचं नाव वाचायचे कष्ट घेतले नाहीत.

मंत्रांबद्दल फार बोलायला नको. ‘होरी होस्ट्स ऑफ हॉगॉथ’, ‘क्रिम्झन बँड्स ऑफ सिटोरॅक’ यात संस्कृत शोधणाऱ्याला माझा नमस्कार. हा इंग्रजी अनुप्रास आहे, लीचा आवडता खेळ. हे सगळं आपण नादासाठी रचलं, कुठल्या प्राचीन पोथीतून नाही, असं तो पुढे हसत हसत सांगायचा.

परकायाप्रवेशाचा मुद्दा जरा नीट बघू, कारण मेसेजमधला हाच एक भाग विचार करण्यासारखा आहे. एक तर नाव चुकलंय. परकायाप्रवेश म्हणजे दुसऱ्याच्या देहात शिरणं. शंकराचार्य अमरू राजाच्या शरीरात शिरले ती कथा, किंवा ‘नवनाथ भक्तिसारा’त मच्छिंद्रनाथांच्या नावावर सांगतात ती. स्ट्रेंज सहसा तसलं काही करत नाही. त्याचं शरीर खोलीत समाधी लागल्यासारखं बसून राहतं आणि त्याची पारदर्शक आकृती भिंतींतून आरपार हिंडते. याला तिकडे ‘अ‍ॅस्ट्रल’ देह म्हणतात, आणि हा प्रकार अमेरिकेत घरोघरी पोचवला तो थिऑसॉफीवाल्यांनी, म्हणजे देशोदेशीच्या गूढविद्या एकत्र करू पाहणाऱ्या पंथाने. थिऑसॉफिकल सोसायटी स्थापन झाली १८७५ मध्ये, न्यूयॉर्कला. मग तिचे संस्थापक मॅडम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईत उतरले, पुढे १८८२ मध्ये मद्रासजवळ अड्यारला ठाण मांडलं. तिबेटमध्ये गुप्त ‘महात्मे’ राहतात, ते दुरून पत्रं पाठवतात, पात्र शिष्याला विद्या देतात, हे सगळं तिथलं. त्यात आपलं सांख्य-वेदान्त होतं, बौद्ध कल्पना होत्या, इजिप्त होतं, ग्रीक होते, आणि मॅडमची स्वतःची भरपूर फोडणी होती.

तिथून पुढचा प्रवास ग्रंथालयातून झालेला नाही, रेडिओ आणि स्वस्त मासिकांतून झालाय. १९३१ साली अमेरिकन रेडिओवर ‘चंदू द मॅजिशियन’ ही मालिका सुरू झाली. नायक अमेरिकन, भारतात योग्यांकडून विद्या शिकून आलेला. लहानपणी आपण ही मालिका आवडीने ऐकायचो आणि डॉक्टर स्ट्रेंजच्या मागे ती आठवण आहे, हे लीने सांगितलेलं आहे. म्हणजे लीचं ‘उपनिषद’ म्हणाल तर हे, रेडिओवरचा चंदू! १९३४ मध्ये चित्रकथांतला जादूगार मॅन्ड्रेक आला, तिबेटात जादू शिकलेला. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीतसुद्धा आला आणि अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांच्या गठ्ठ्यांत अनेकांनी तो शोधलाय. मॅन्ड्रेक आमचा चोरला म्हणून तेव्हा कुणी गळा काढल्याचं ऐकिवात नाही.

डॉक्टर ड्रूम मात्र मेसेजकर्त्याने बघायलाच हवा होता. जून १९६१, ‘अमेझिंग अ‍ॅडव्हेंचर्स’चा पहिला अंक. स्ट्रेंजच्या दोन वर्षं आधी त्याच कंपनीने, त्याच लीच्या देखरेखीखाली, चित्रकार जॅक कर्बीच्या हातून काढलेली गोष्ट, आणि त्याच्या पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवणारा पुन्हा डिटकोच. एक अमेरिकन डॉक्टर तिबेटला जातो, मरणाला टेकलेल्या लामाच्या कसोट्या पार करतो, विद्या मिळवतो. आणि विद्या मिळाल्यावर काय होतं? त्याचे डोळे तिरके होतात, चेहरा आशियाई होतो. गूढ विद्या म्हणजे गोऱ्या माणसाने चढवायचा पौर्वात्य मुखवटा, हे इतकं उघडपणे त्या काळी छापलं जात होतं. डॉक्टर स्ट्रेंजचा साचा हा आहे. ही चोरी म्हणावी, तर चोराला आपल्या घरातला एकही ग्रंथ सापडलेला नाही, दारावरचं तोरण तेवढं नेलंय त्याने.

गंमत म्हणजे आपल्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा मेसेजमध्ये नाहीच. डिसेंबर १९६३ च्या ११५ व्या अंकात स्ट्रेंजची मूळकथा आली. अपघातात हातांच्या नसा गेलेला गर्विष्ठ सर्जन, पैसे संपलेले, धक्क्यावर भटकताना दोन खलाशांच्या तोंडी ‘एन्शंट वन’चं नाव ऐकतो आणि जातो कुठे? भारतात! त्या चौकटीत भारताला जादूई, गूढ भूमी म्हणून गौरवलंय. तिबेट नंतरच्या गोष्टींतून पक्कं झालं, नेपाळ तर सिनेमात. पण हा पुरावा हातात घेतला तरी मेसेजकर्त्याच्या कामाचा नाही. त्या भारतात एक बर्फाळ वाट आहे, एक मठ आहे आणि एक म्हातारा आहे. गाव नाही, भाषा नाही, देव नाही, एकही भारतीय नाव नाही. आधीच्या, ११० व्या अंकात तर ठिकाणाचं नावही नव्हतं, आशियात कुठेतरी दूर, बस्स. भारत काय, मंगोलिया काय, लेखकाला सारखंच. १९७८ ची टीव्ही फिल्म बघा, तिच्यात हिमालय पार काढूनच टाकलाय. नायक मानसोपचारतज्ज्ञ, गुरू एक पांढरपेशा इंग्रज म्हातारा. तरी गोष्टीचं काही अडलं नाही.

श्रीयंत्राचा दावा पडदा थांबवून तपासता येतो. श्रीयंत्रात नऊ त्रिकोण एकमेकांत गुंतलेले असतात, चार वर तोंड करून, पाच खाली, भोवती आठ आणि सोळा पाकळ्यांची कमळं, बाहेर भूपूर, म्हणजे दारं असलेली चौकट. सिनेमातल्या ढालीत वर्तुळात फिरवलेले चौकोन आहेत. बोटांच्या ‘मुद्रा’ बसवायला ‘जेफंक’ नावाचा नर्तक बोलावला होता. त्याची कला ‘फिंगर टटिंग’, हिपहॉपमधली, आणि तिचं नाव पडलंय इजिप्तच्या तुतनखामेनवरून. रॉयल्टीच्या रांगेत इजिप्तलाही उभं करा.

अनंतकोटी ब्रह्मांडांची कल्पना आपल्याकडे जुनी आहे, मान्य. स्वामी समर्थांच्या जयघोषात ती रोज म्हटली जाते. पण अमेरिकन कॉमिकमधली समांतर पृथ्वी हे १९६१ च्या ‘फ्लॅश’च्या अंकाचं देणं आहे, तेही स्पर्धक कंपनीच्या. साम्य दिसलं की उगम सापडला असं होत नाही. नाहीतर ‘व्यासोच्छिष्टं जगत्सर्वम्’ म्हणून फाइलच बंद करू, मग रॉयल्टी तरी कुणाकुणाकडे मागणार?

सिनेमाने आपला पुरावा लपवला, हे तर साफ खोटं. सिनेमाने तो दाखवलाय आणि वर त्याची टिंगल केलीय. स्ट्रेंज कमरताजला, म्हणजे गुरूच्या आश्रमात पोचतो, गुरू त्याच्यासमोर पोथी उघडते, त्यात मानवी शरीरावर चक्रं काढलेली. हा म्हणतो, हे पाहिलंय मी, भेटवस्तूंच्या दुकानात. मग ती अ‍ॅक्युपंक्चरचं चित्र दाखवते, मग एमआरआय. थोड्या वेळाने गुरूचा शिष्य मॉर्डो त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवतो. वर लिहिलेलं: शंबाला. हा विचारतो, हा माझा मंत्र का? तो म्हणतो, वायफायचा पासवर्ड आहे. कल्की जिथे जन्मणार ते आपल्या पुराणांतलं शंभल गाव, तिबेटी परंपरेतून फिरून हॉलिवूडमध्ये पासवर्ड झालं! पुढे ग्रंथालयात ग्रंथपाल वाँग विचारतो, संस्कृत कसं आहे तुझं? उत्तर: गूगल ट्रान्सलेटमध्ये पारंगत. आणि त्या कपाटात संस्कृतच्या शेजारी काय आहे तेही बघा. सॉलोमनच्या नावावरचा जादूचा ग्रंथ आणि केप्लरचं खगोलशास्त्र. जिथे मिळेल तिथून घेतलेला हा ऐवज आहे. माझ्या मते सिनेमाचे सगळ्यात चांगले पंधरा-वीस मिनिटं हीच, कारण इथे तो स्वतःच्या मूळ कॉमिकच्या भाबडेपणाला हसतो.

गोऱ्या बाईबद्दल राग यावा हे बरोबर, पण मेसेजने तो भलतीकडे वळवलाय. कॉमिकमधला एन्शंट वन हा हिमालयातला आशियाई म्हातारा. सिनेमात अभिनेत्री टिल्डा स्विंटनची केल्टिक गुरू आणल्यावर अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या लोकांनीच रान उठवलं. लांब दाढीचा गूढ म्हातारा हा घासून गुळगुळीत झालेला साचा टाळायचा होता, असं स्पष्टीकरण आलं. सहलेखक रॉबर्ट कारगिल २०१६ मध्ये बोलून गेला की गुरू तिबेटी दाखवला तर चिनी प्रेक्षक बिथरण्याची भीती होती. त्यावर बरीच सारवासारव झाली. २०२१ मध्ये निर्माता केव्हिन फायगीने तो निर्णय चुकल्याचं मान्य केलं. यात हिंदूविरोधी कट शोधणाऱ्याने चीनमधल्या तिकीटबारीकडे बघावं. नेपाळमधलं चित्रीकरण २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये काठमांडू आणि तिथल्याच पाटणला झालं, एप्रिलच्या भूकंपानंतर काही महिन्यांतच. पशुपतिनाथ आणि स्वयंभू पडद्यावर चक्क दिसतात. लपवायचं असतं तर तिथे गेले कशाला असते?

आणि वाँग? १९६३ मध्ये तो दार उघडणारा, पाणी देणारा घरगडी होता, सुरुवातीला तर बिननावाचा. सिनेमात तो ग्रंथपाल आणि बरोबरीचा जादूगार झाला. ‘आपल्या’ माणसांचा अपमान कुठे झाला हे शोधायचंच असेल तर तो मूळ अंकांत आहे, आणि सिनेमाने निदान तिथे दुरुस्ती केलीय.

‘स्टॅन लीने भारतावर प्रेम म्हणून चक्र नावाचा हिरोही काढला’ अशी एक जोड मधे घुसडलीय. काढला, २०११ मध्ये, एका भारतीय कंपनीसोबत, मुंबईचा राजू राय. अठ्ठेचाळीस वर्षांनंतरची गोष्ट आधीचा पुरावा कशी होते, हे ज्याने लिहिलं त्याने सांगावं.

राहता राहिली रॉयल्टी. या पात्रावर हक्क सांगणारा दावा खरोखर झालेला आहे. डिटको २०१८ मध्ये वारला. २०२१ मध्ये त्याच्या वारसांनी स्पायडरमॅन आणि डॉक्टर स्ट्रेंजचे हक्क परत मिळावेत म्हणून नोटीस दिली, मार्व्हल उलट कोर्टात गेलं, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये तडजोड झाली. पात्रं मार्व्हलकडेच राहिली.