१३ वर्षांच्या सभासदाला वाटाण्याच्या अक्षता कशा लावाव्यात

अभिनंदन, सचिवसाहेब! तुमच्या बुद्धिबळ मंडळातल्या १३ वर्षांच्या मुलीचं पत्र आलंय: 'माझ्याबद्दल तुमच्याकडे असलेल्या सगळ्या माहितीची प्रत द्यावी.' शुद्धलेखनाची एकही चूक नाही. म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

सगळ्यात आधी तिचं वय काढा. 'अगं, तू लहान आहेस, बाबांना अर्ज करायला सांग.' हीच मुलगी ८ वर्षांची असताना तिचा फोटो, जन्मतारीख, दमा, आईबाबा वेगळे राहतात का आणि न्यायला कोण येणार, हे सगळं तुम्ही फॉर्मवर उतरवून घेतलंत. तेव्हा ती लहान नव्हती, सभासद होती. युरोपात असाल तर २०१८पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याचं १५वं कलम आडवं येतं, कारण स्वतःबद्दलची माहिती मागायच्या त्यातल्या हक्काला वयाची अटच नाही. अशा वेळी ८व्या कलमातले '१६ वर्षं' तोंडावर फेका. ते ऑनलाइन सेवांसाठी मुलांनी द्यायच्या संमतीबद्दल आहेत, पण एवढं वाचतो कोण? स्कॉटलंडमध्ये मात्र जपून. तिथला कायदा १२ वर्षांच्या पोराला स्वतःचे हक्क कळतात असंच धरून चालतो. काय एकेक माणसं असतात!

'आमचं मंडळ छोटं, सगळे हौशी' हेही म्हणून बघा. उपयोग नाही, पण म्हणताना बरं वाटतं.

आता मुदत. महिन्याभरात आणि फुकट द्यायचं, असा नियम आहे. प्रकरण गुंतागुंतीचं असेल तर आणखी २ महिने मिळतात, फक्त तसं पहिल्या महिन्यातच कळवावं लागतं. तेव्हा कळवा की प्रकरण फार गुंतागुंतीचं आहे: एक फॉर्म, एक हजेरीपट आणि कपाटाची किल्ली खजिनदाराकडे.

खरी डोकेदुखी प्रशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपची. 'हिला हरणं पचत नाही', 'पोरीपेक्षा आईच जास्त खेळते', 'संघात नको, रडेल'. प्रशिक्षक म्हणतील, फोन माझा खासगी आहे. फोन खासगी असेल हो, पण संघ मंडळाचा आणि निवडही मंडळाचीच, त्यामुळे मजकूरही मंडळाच्या खात्यावर पडतो. पुसून टाकावं म्हणता? ब्रिटनमध्ये अर्ज आल्यावर तो टाळण्यासाठी नोंदी नष्ट करणं हा तिथल्या २०१८च्या माहिती-संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय ग्रुपमधल्या एकाने तरी स्क्रीनशॉट काढून ठेवलेला असतोच. तेव्हा इतर मुलांची नावं झाकायचं निमित्त करून काळी शाई घ्या आणि हात जरा सैल सोडा. तिच्या हाती 'हिला' आणि 'नको' एवढंच उरलं पाहिजे.

एवढं करूनही एक अडचण उरते. पत्राखाली तिनं तारीख घातली आहे, आणि चाल झाली की घड्याळाचं बटण दाबून समोरच्याकडे शांतपणे बघत बसायचं, हे तिला तुम्हीच शिकवलंय.