सुरक्षित, पण कोणासाठी?
'मोठी गाडी म्हणजे सुरक्षित' हे लेखातलं म्हणणं मला अर्धंच पटलं. आत बसलेल्यांचं ठीक आहे, पण बाहेरच्यांचं काय? वेग तोच असला तरी १,००० किलोच्या गाडीपेक्षा २,००० किलोच्या गाडीच्या धडकेत दुप्पट ऊर्जा असते. त्यात बॉनेट उंच. एकदा शेजाऱ्यांची मोठी गाडी बाहेर काढत होतो. त्यांची चार वर्षांची मुलगी चेंडू उचलायला अगदी समोर वाकली होती आणि मला ती दिसलीच नाही. तिची आई ओरडली म्हणून पाय ब्रेकवर गेला. आजही अंगावर काटा येतो. ऑफिसला एकट्याने जायला हॅचबॅक पुरते, पेट्रोलही कमी लागतं. घरात रोज सहा-सात माणसं न्यायची असतील तर मोठी जरूर घ्या. वर्षातून दोनदा लागते म्हणून नको, तेवढ्यापुरती भाड्याने मिळते.