स्फुरद उडत नाही, तळाला बसतो
बायोगॅसच्या टाकीतून निघणाऱ्या पातळ स्लरीबद्दल एका लेखात वाक्य आहे, ‘स्लरीत हवा सोडली की स्फुरद (फॉस्फरस) कमी होतो’. ते अर्धंच खरं. हवेमुळे विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (pH) साडेसातवरून साडेआठकडे सरकतो आणि स्फुरद मॅग्नेशियम-अमोनियमसोबत स्ट्रुवाइट नावाचे स्फटिक, नाहीतर कॅल्शियम फॉस्फेट होऊन खाली बसतो. टाकीतला एकूण स्फुरद तेवढाच! आधी चोथा गाळून घ्या. हवा देऊन झाली की ब्लोअर बंद ठेवून निवळू द्या. सतत ढवळलं तर बारीक कण बसतच नाहीत. अति हवेने अमोनिया उडतो, नत्र फुकट जातं. पाइपच्या बाकात धरणारा कडक पांढरा थर बहुधा स्ट्रुवाइटच. निपाणी-चिकोडीकडे वरचं पाणी पातळ करून उसाला द्यावं. गाळ मात्र माती परीक्षणात स्फुरद कमी आलेल्या रानातच.