कानाच्या पडद्याला कूर्चा लावली की बहिरेपण? त्या मेसेजचा समाचार

सोसायट्यांच्या ग्रुपपासून ज्येष्ठ नागरिक संघापर्यंत पुण्यात सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: कानाच्या पडद्याला भोक असेल तर लसणाचं कोमट तेल घाला, ते बुजतं. डॉक्टर मात्र भोक बुजवायला बाहेरच्या कानाची कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारं मऊ हाड, कापून पडद्यावर लावतात. त्याने कान वाकडा होतो, पडदा जाड होऊन कायमचं बहिरेपण येतं, आणि हा सगळा खासगी हॉस्पिटलांचा धंदा आहे.

तेलापासून सुरू करू. थोबाडीत बसून किंवा काडी लागून पडलेलं ताजं, छोटं भोक बहुतेक वेळा काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत आपणहून भरतं. कान कोरडा ठेवला की झालं. मधल्या काळात कुणी तेल घातलेलं असलं की श्रेय लसणाला! वर्षानुवर्षं वाहणाऱ्या कानातलं जुनं भोक मात्र असं सहसा बुजत नाही. त्यातून तेल थेट मधल्या कानात उतरतं, कान पुन्हा फुटतो, आणि पावसाळ्यात बुरशीचीही सोय होते.

कान वाकडा होत नाही. कूर्चा घेतात ती कानाच्या तोंडाशी गालाकडे असलेल्या छोट्या उंचवट्यातून, आतल्या बाजूने छेद देऊन. नाहीतर कानामागून, कानाच्या वाटीतून. लागतो तो लहानसा तुकडा.

जाडीचा मुद्दा मात्र वरवर पटण्यासारखा आहे. पडदा जेमतेम ०.१ मिलिमीटर, आणि त्या उंचवट्यातली कूर्चा साधारण १ मिलिमीटर, म्हणजे दहापट. पण ही अडचण सर्जनलाही ठाऊक असते. म्हणून बरेचजण कूर्चा तासून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणतात, किंवा तिच्या पट्ट्या शेजारीशेजारी रचतात. कूर्चेऐवजी कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण लावलेले रुग्ण आणि कूर्चा लावलेले रुग्ण यांच्या ऐकण्याची तुलना अनेकदा झाली आहे. दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. शिवाय मोठ्या भोकामुळे ऐकू येणं आधीच कमी झालेलं असतं, हे मेसेजवाले सोयीस्कर विसरतात. आतल्या कानाला इजा होण्याचा धोका क्वचित असतो, पण तो कानाच्या कुठल्याही ऑपरेशनमध्ये असतो. कूर्चेच्या जाडीशी त्याचा संबंध नाही.

मग कूर्चाच का? सगळ्यांना ती लागतही नाही. छोटं भोक असेल, कान कोरडा असेल, तर ते पातळ आवरण पुरतं. पण भोक मोठं असेल, आधीचं ऑपरेशन फसलं असेल किंवा नाकामागून कानात हवा नेणारी नळी नीट चालत नसेल, तर हे आवरण आत ओढलं जाण्याची किंवा विरण्याची भीती असते. कूर्चा ताठ असते आणि फारशा रक्तपुरवठ्याशिवाय टिकते.

धंद्याचं म्हणाल तर पडद्याची ऑपरेशनं ससूनसारख्या सरकारी रुग्णालयातही होतात.

कूर्चेचा खरा तोटा मेसेज लिहिणाऱ्याला सापडलाच नाही. ती अपारदर्शक असते, त्यामुळे पडद्यामागे काय चाललंय ते दुर्बिणीतून नीट दिसत नाही. हाड कुरतडणारी कातडीची गाठ, म्हणजे कोलेस्टिएटोमा, काढलेली असेल तर ती पुन्हा झाली का हे बघायला अशा रुग्णांना पुढे तपासणीला यावं लागतं आणि कधीकधी एमआरआयही करावा लागतो.