अलंकार ओळखा, अर्थ टाळा

नाशिकच्या पालकहो, पोरांना अलंकारांचे पैकीच्या पैकी गुण हवेत ना? मग आधी त्यांना कविता वाचू देऊ नका.

अलंकार ओळखताना ओळ वाचायची नसते, ओळीत शब्द शोधायचा असतो. 'सारखा, समान, प्रमाणे, परी' दिसलं की उपमा. 'जणू, गमे, वाटते, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा. 'नव्हे' दिसलं की अपन्हुती. आमच्या लेकीच्या क्लासने ही यादी लॅमिनेट करून दिली आहे, कंपासपेटीत मावते.

यादीचे फायदे बघा. 'लग्न पत्रिकेप्रमाणे ठीक १२.३५ ला लागलं.' प्रमाणे आहे, उपमा लिहा. (ही अतिशयोक्ती आहे हे वऱ्हाडाला कळतं, यादीला नाही.) 'मला वाटतं मुंबई नाक्यालाच उतरावं.' उत्प्रेक्षा. 'ही निमाणीची बस नव्हे.' अपन्हुती, आणि बस चुकली तरी गुण चुकणार नाही.

व्यतिरेक (उपमेय उपमानाहून सरस): 'पेक्षा' दिसला की ठोका. 'लासलगावला कांदा कालपेक्षा उतरला', झाला व्यतिरेक.

अनन्वय (ज्याची तुलना त्याच्याशीच): ताजमहाल. पुढे विचारू नका.

अतिशयोक्ती: दमडीचं तेल. ते अजून संपलेलं नाही.

यमक: द्वारका चौकापासून सीबीएस बसस्टँडपर्यंत वाढदिवसाचे फलक वाचत या.

आता 'परी'. गेल्या महिन्याच्या चाचणीत सरांनी स्वतः रचलेली ओळ होती: 'गोदा दुथडी वाहे, परी घसा माझा कोरडा'. अलंकार ओळखा, १ गुण. लेकीने लिहिलं, 'इथे परी म्हणजे पण. तुलना नाही. विरोधाभास वाटतो.' त्यावर लाल फुली, शेजारी 'उपमा', आणि शून्य. (उत्तरात 'वाटतो' असूनही सरांनी उत्प्रेक्षा ठोकली नाही, ही त्यांची कृपा.)

मी विचारायला गेले. म्हटलं, सर, उपमेला एक उपमेय लागतं, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, एक उपमान लागतं, म्हणजे ज्याच्याशी करायची ते, दोघांत काहीतरी सारखेपणा लागतो. इथे घसा कशासारखा आहे? नदीसारखा? मग कोरडा कसा? सरांनी शांतपणे यादी पुढे केली. 'परी' चौथ्या क्रमांकावर. म्हणाले, "मॅडम, तुम्ही कविता वाचताय. आम्ही पेपर सोडवतोय."

अहो, पण ओळ तुमचीच ना! लिहिताना तुम्हाला 'पण'च म्हणायचं होतं. म्हणजे लिहिणाऱ्या सरांना अर्थ ठाऊक होता आणि तपासणारे सर तो विसरले. मराठीत 'परी' म्हणजे प्रमाणे, परी म्हणजे परंतु, आणि पंखवाली तर आहेच. कुठे कोणती, हे ओळीलाच विचारावं लागतं. कंपासपेटीला नाही.

आणि शब्दशक्तींची, म्हणजे शब्दातून अर्थ कसकसा निघतो त्या प्रकारांची, यादी कुठून आणणार आहात? संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचं लाडकं उदाहरण आहे, 'गंगायां घोषः', गंगेत गवळीवाडा. प्रवाहात घरं कशी असतील? म्हणून 'गंगेत' म्हणजे काठावर असं घ्यायचं. आपण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो आणि 'गंगेवर जाऊन भाजी आणते' म्हणतो. पाण्यावरून चालत कुणी जात नाही. बुधवारच्या बाजारातल्या मावशींना लक्षणा येते, तिचं नाव माहीत नसलं तरी. गोदाघाटावरची दुतोंड्या मारुतीची मूर्ती म्हणजे आमची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात कुणी ओरडलं, "दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं!" की मावशी पाल गुंडाळायला घेतात, शाळेतली पोरं सुट्टी धरून चालतात आणि काही महाभाग मोबाइल घेऊन पुलावर पळतात. वाक्य एकच, तेही पाण्याची उंची सांगणारं. बाकीचं ज्याने त्याने आपापलं ऐकलं. ही व्यंजना. यात कुठला शब्द शोधू, सर? 'मारुती' दिसला की व्यंजना, असं लिहून लॅमिनेट करायचं?

याच क्लासच्या दारात २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या फोटोला हार होता आणि खाली 'माझी मराठी अमृताहून गोड' असा फलक. हार चांगला जाड होता.

काल दुसऱ्या चाचणीचे पेपर मिळाले. पुन्हा एक 'परी'ची ओळ, पुन्हा 'पण'च्याच अर्थाची. या वेळी लेकीने उपमा लिहिलं. १ पैकी १. मी विचारलं, अगं, ओळ वाचलीस का? म्हणाली, "आई, वाचली नाही. शोधलं."

दोन महिन्यांपूर्वी ही पोर ओळ थांबून वाचायची, अर्थ लावायची, कारण देऊन उत्तर लिहायची. सर, तिची ती सवय तुम्ही मोडलीत, वर फी घेतलीत आणि त्याला शिकवणं म्हणता. गावात १८४० पासून सार्वजनिक वाचनालय आहे. एकदा जाऊन कोशात 'परी' बघून या. लाज वाटते का हो थोडी? यात 'वाटते' आहे, तरी ही उत्प्रेक्षा नाही. विचारतेय.